धक्का

केबल मांडीएवढी जाड.
पहाटे तीनला ओली असते, गार,
रुसलेल्या जनावरासारखी जड.
क्रेन तिला उचलते, जहाजाच्या कुशीपाशी नेते;
शेवटचा हातभर मात्र माणसालाच ओढावा लागतो.
एत्तोरेचे गुडघे गेलेत. म्हणून मी.

ओल्बियाहून आलेली बोट धक्क्याला लागते.
ट्रक उतरतात, झोपलेली पोरं खांद्यावर टाकून बाप उतरतात,
आणि धुराडं चालूच.
नुसते दिवे, पंखे, स्वयंपाकघरातले फ्रीज जागे ठेवायला
रात्रभर तेल जाळत उभं राहायचं,
जेनोवात हे असंच चालत आलं.

आता मी रबरी हातमोजे चढवते.
धक्क्यावर उभं राहायचं आणि धक्का बसू द्यायचा नाही,
एवढंच माझं शास्त्र.
सहा खटके, तीन कुलपं,
वायरलेसवर इंजिनिअरचा जांभई दाबलेला आवाज: "सोडा."
किनाऱ्याची वीज जहाजात शिरते.
पहिला जनरेटर खोकतो नि थांबतो.
मग दुसरा.
धुराड्याच्या तोंडाशी उरलेला धूर
कुठे जावं ते न कळल्यासारखा जरा रेंगाळतो.

आणि शांतता.
अशी, की दोरखंड करकरतो ते ऐकू येतं,
आणि कुणाच्या तरी घरातला ठिबकता नळ.

देसोलिना ओलिवेरी. चौथा मजला, हिरव्या झडपांची खिडकी.
एकोणीस वर्षं, दर सोमवारी,
तिनं बाल्कनीचा कठडा ओल्या फडक्यानं पुसला,
फडकं जॅमच्या बरणीत घातलं, झाकणावर तारीख.
नगरपालिकेत, बंदराच्या कचेरीत, एकदा तर बिशपपुढेही
ती पिशवीभर बरण्या घेऊन गेली.
"काजळी माझ्या घरची," म्हणाली, "दिवा तुमचा."
कुंडीतल्या बेसिलची पानं
ती तीन पाण्यांनी धुवायची.

परवा ती सपातांवरच खाली आली.
वाटलं, आभार मानेल.
म्हणाली, "झोप लागत नाही, पोरी. काय बंद केलंस?"
तिचा नवरा तीस वर्षं इंजिनरूममध्ये होता.
रजेवर घरी आला की असाच घोरायचा म्हणे,
खोल, एकसुरी, भिंतीतून.
तो गेल्यावर बंदर घोरत राहिलं.
मला उत्तर सुचलं नाही.
मी केबलची टोपी घट्ट केली.
ती घट्टच होती.

शेजारच्या धक्क्यावर लायबेरियाच्या झेंड्याचं एक जहाज.
सॉकेट आहे त्याला. वर रंगाचे चार हात चढलेत.
ते धुमसत राहतं, आणि सिरोको सुटला
की सगळा धूर सरळ चौथ्या मजल्याकडे.
एत्तोरे म्हणतो, "आणि ही तुझी वीज?
तीही कुठेतरी जळूनच येते ना?"
येते. थोडी वाऱ्यावर येते, बाकीची जळून.
त्या कुठेतरीलाही एक खिडकी असेल,
कठडा असेल, सोमवार असेल.
ठाऊक आहे मला.
मी तरी ओढते.

काल तिनं दोरीनं टोपली सोडली.
आत बेसिलची जुडी आणि चिठ्ठी: "एकाच पाण्याची."
मी एक पान तसंच जिभेवर ठेवलं.
मिरी, लवंग,
आणि बंदराचं थोडंसं मीठ.

पावणेसहाला बोट सुटते.
केबल काढण्याआधी जनरेटर जागे करावे लागतात.
पहिला खोकतो, पकड घेतो, मग दुसरा.
धुराडं काळी गुळणी टाकतं,
पायाखालची फरशी हलकेच थरथरू लागते.
मी वर बघते.
हिरव्या झडपांआडचा दिवा
तेवढ्यात मालवतो.